प्रदर्शन उतरवताना : चित्रकार आणि शिल्पकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दालनाची तारीख मिळाल्यापासून उद्घाटनापर्यंत काय काय करायचं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. शेवटच्या संध्याकाळी काय करायचं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. फ्रेमचे कोपरे उडतात, काचा तडकतात, कॅनव्हासला मागून खोच बसते, ते बहुतेक वेळा त्याच दोन-तीन तासांत. सगळे दमलेले असतात, खाली टेम्पोवाला घाई करत असतो आणि पुढच्या प्रदर्शनाची चित्रं दारात येऊन थांबलेली असतात. भाड्यानं दालन घेऊन स्वतःच्या हिमतीवर प्रदर्शन भरवणाऱ्यांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. संदर्भ मुख्यतः मुंबई-पुण्याचे आहेत, पण काळजी सगळीकडे सारखीच घ्यावी लागते.

उतरवायची तयारी कधीपासून करायची?

चित्रं टांगता त्या दिवसापासून. त्या दिवशी सोडलेली वेष्टनं, पुठ्ठे, कोपऱ्यांचे तुकडे आपण एका पिशवीत कोंबतो आणि आठवड्यानंतर कुठलं कशाचं ते कळत नाही. प्रत्येक वेष्टनावर मार्करनं चित्राचा क्रमांक लिहा. तोच क्रमांक चित्राच्या पाठीवर आणि तोच यादीत हवा. वेष्टनं ठेवायला दालनात जागा मिळेल का, हे आधी विचारा. नसेल तर सपाट करून, बांधून घरी पाठवा आणि शेवटच्या दिवशी दुपारीच परत आणा.

त्याच दिवशी दालनाच्या व्यवस्थापकांना काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. किती वाजेपर्यंत जागा रिकामी हवी? शिडी दालनाची मिळेल का? सामान बाहेर काढायला वेगळं दार आहे का? गेटपास कुणाच्या सहीनं मिळतो आणि ती व्यक्ती संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबते? हा शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला, तर सगळं बांधून तयार असूनही माणसं फाटकाशी अडकून पडतात.

१९५२ पासून सुरू असलेल्या मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शनाचा आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. म्हणजे सोमवारी संध्याकाळी एकाच इमारतीतली कितीतरी प्रदर्शनं एकदम उतरतात, कारण मंगळवारी नवी लागायची असतात. एकच जिना, एकच फूटपाथ, टेम्पो उभे करायला तीच थोडीशी जागा. अशा ठिकाणी गडबड होणार हे गृहीत धरूनच आखणी करावी लागते.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर कुणी येत नाही. मग थोडं आधी सुरू केलं तर चालेल का?

नाही. ऑफिसातून सुटून, दोन गाड्या बदलून, "आज शेवटचा दिवस आहे" म्हणून धावत येणारा प्रेक्षक त्याच वेळेला येतो. अर्ध्या रिकाम्या भिंती आणि जमिनीवर पसरलेला बबल रॅप बघून तो दारातूनच मागे फिरतो. जाहीर केलेली वेळ हा प्रेक्षकाला दिलेला शब्द आहे. एखादं चित्र घ्यावं की नाही, असा आठवडाभर विचार करणारी माणसंही शेवटच्याच तासात परत येतात. दार बंद होईपर्यंत एकही चित्र हलवू नका, टेपचा आवाजसुद्धा नको.

दार बंद झालं. आता पहिल्यांदा काय?

पहिली दहा मिनिटं चित्रांना हात लावू नका. प्रत्येक भिंतीचा पूर्ण फोटो आणि प्रत्येक चित्राचा समोरून एक फोटो काढा. टांगताना काढलेले फोटो जवळ असतील तर आठवड्याभरात काही ओरखडा, डाग, बोटांचे ठसे पडले का ते तिथल्या तिथे दिसतं, आणि दालनाच्या माणसासमोर दाखवता येतं. घरी पोहोचल्यावर दिसलेल्या ओरखड्याची जबाबदारी कुणीच घेत नाही.

मग जमीन. उद्घाटनाची समई अजून कोपऱ्यात असते. तिच्याखाली सांडलेलं तेल, फुलांच्या पाकळ्या, हळदीकुंकू, दारातली रांगोळी हे सगळं आधी पुसून-झाडून घ्या. तेलाचा एक थेंब चादरीला लागला आणि त्यावर जलरंगाचं कागदावरचं चित्र ठेवलं गेलं, तर तो डाग निघत नाही. चहा, वडापाव, पाण्याच्या बाटल्या दालनाबाहेर. मदतीला आलेल्या मित्रांना खाऊ घालायचंच, पण काम झाल्यावर, बाहेर बसून.

यानंतर भिंतीपासून थोडं सोडून जमिनीवर गोधड्या किंवा फोमच्या पट्ट्या अंथरा. बांधायची एक जागा ठरवा आणि बांधून झालेले नग ठेवायची दुसरी. या दोन्ही जागा दारापासून लांब असाव्यात.

वाटेत स्टँडवर ठेवलेली शिल्पं असतील तर ती सगळ्यात आधी हलवा, कारण उतरवताना उलट पावलांनी चालणाऱ्या माणसाचा धक्का त्यांनाच लागतो. त्यानंतर काचेच्या फ्रेम, मग लहान कॅनव्हास, शेवटी मोठे. आणि सगळं बांधून होईपर्यंत एकही नग खाली नेऊ नका. अर्धे नग फूटपाथवर आणि अर्धे वर अशी अवस्था झाली की दोन्हीकडे लक्ष राहत नाही.

किती माणसं लागतात?

वीस-पंचवीस मध्यम आकाराच्या चित्रांना चार जण पुरतात, पण चौघांची कामं ठरलेली हवीत. दोघं उतरवणार, एक बांधणार, एक यादी घेऊन उभा राहणार. यादीवाल्यानं दुसरं कुठलंही काम करायचं नाही. चित्र भिंतीवरून निघालं की एक खूण, बांधलं की दुसरी, गाडीत चढलं की तिसरी. हे काम चित्रकारानं स्वतः करू नये. त्याला त्या वेळी भेटायला माणसं येतात, फोन येतात, कुणी पैसे द्यायला थांबलेलं असतं.

दहा जण आले तर सहा जणांना प्रेमानं बसवून ठेवा. जास्त हात म्हणजे एकाच चित्राला दोघांनी वेगवेगळ्या दिशेला ओढणं.

चित्र भिंतीवरून नेमकं कसं काढायचं?

अंगठ्या, कडी, घड्याळ, गळ्यातलं ओळखपत्र, खिशातलं पेन आधी काढून ठेवा. पट्ट्याचं बक्कल मोठं असेल तर शर्ट बाहेर काढून त्यावर घ्या. कॅनव्हासला पोटाशी धरल्यावर खरचटतं ते बक्कलनंच.

बहुतेक दालनांत आता खिळे ठोकू देत नाहीत. वरच्या पट्टीवरून साखळी किंवा नायलॉनची दोरी सोडलेली असते. दोघांनी चित्राचं वजन खालून आणि बाजूनं पूर्ण पेललं की मगच तिसऱ्यानं, म्हणजे बांधणाऱ्यानं, हूक सोडवायचा. चित्र बाजूला गेल्यावर साखळी हातात धरून ठेवा. मोकळी साखळी झोका खाऊन शेजारच्या चित्रावर आपटते.

एका वेळी एकच चित्र. एक हात खाली, एक हात बाजूला, रंगवलेली बाजू आपल्याकडे. वरच्या पट्टीला किंवा मागच्या तारेला धरून उचलू नका; जुन्या फ्रेमचा सांधा तिथेच सुटतो. कॅनव्हासच्या मागे, चौकट आणि कापडाच्या फटीत बोटं घालण्याची सवय फार जणांना असते. त्यामुळे समोरच्या बाजूला रंगावर फुगवटा येतो आणि काही वर्षांनी बरोबर तिथेच रंग तडकतो.

उतरवलेली चित्रं लगेच बांधता येत नसतील तर भिंतीला थोडी तिरकी टेकवा. मोठं मागे, लहान पुढे, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ. एका थरात चार-पाचपेक्षा जास्त नकोत. मागच्या चित्राची तार किंवा हूक पुढच्याच्या कॅनव्हासला टोचत नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा.

हातमोजे घालायचे का?

काच, धातू आणि चकचकीत फ्रेमसाठी रबरी, म्हणजे नायट्राइलचे मोजे चांगले. सुती मोजे काचेवरून घसरतात. कागदावरचं मोकळं चित्र धुतलेल्या, कोरड्या हातांनी कडेला धरलं तर पुरतं.

सगळे बबल रॅपच वापरतात. त्यात चूक काय?

बबल रॅप चांगलाच आहे, पण तो रंगाला थेट लागता कामा नये. ॲक्रिलिकचा थर उष्णतेनं मऊ आणि चिकट होतो. मे महिन्यात बंद टेम्पोत दोन तास गेले तर प्लास्टिक त्याला चिकटतं आणि फुग्यांचे गोल ठसे रंगावर कायमचे उमटतात. तैलरंग वरून कोरडा वाटला तरी आतून महिनोन्महिने वाळत असतो. जाड थर दिलेला असेल तर वर्ष उलटलं तरी आत मऊपणा असू शकतो. प्रदर्शनाच्या तारखेसाठी घाईघाईनं पूर्ण केलेल्या चित्रांना हा धोका सर्वांत जास्त, आणि आपल्याकडे निम्मी चित्रं तशीच पूर्ण होतात.

म्हणून पहिला थर कागदाचा. तैलरंगाला आणि जलरंगाला ग्लासिन पेपर (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद), ॲक्रिलिकला सिलिकॉनचा थर असलेला कागद (केक भाजताना वापरतात तो चालतो). वर्तमानपत्र कधीच नको. शाई उतरते, आणि तो कागद आम्लयुक्त असल्यानं चित्राच्या कागदालाही पिवळा पाडतो. कागदावर पुठ्ठ्याची सपाट पाटी, चार कोपऱ्यांना फोमचे किंवा पुठ्ठ्याचे कोपरे आणि मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. रंगाचा थर फार उंच असेल तर कागदसुद्धा टेकू देऊ नका. चौकटीला चारी बाजूंनी फोमची पट्टी लावून वरची पाटी अधांतरी राहील असं बांधा.

चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे सोडवताना कटर लागत नाही. घरी आल्यावर उत्साहात वेष्टन फाडताना आतला कॅनव्हास कापला गेल्याच्या गोष्टी जवळजवळ प्रत्येक चित्रकाराकडे असतात.

आणखी एक. मुंबईत दालन वातानुकूलित असतं आणि बाहेर दमट उकाडा. थंड झालेली काचेची फ्रेम उघडीच बाहेर नेली तर काचेवर दव धरतं. म्हणून बांधायचं काम आतच पूर्ण करा. घरी पोहोचल्यावरही लगेच सोडू नका, रात्रभर तसंच राहू द्या. मोठी संग्रहालयं परदेशातून आलेल्या पेट्या याच कारणासाठी साधारण २४ तास न उघडता ठेवतात.

काचेच्या फ्रेमसाठी वेगळं काही?

काचेवर मास्किंग टेपच्या पट्ट्या आडव्या, उभ्या आणि तिरक्या लावा. काच फुटली तरी तुकडे टेपला धरून राहतात आणि चित्राचा कागद कापला जात नाही. टेप लाकडी फ्रेमवर येऊ देऊ नका, पॉलिश सोलतं. काचेऐवजी ॲक्रिलिक शीट असेल तर टेप अजिबात नको. तिच्यावर चिकटपणाचे डाग आणि ओरखडे राहतात. दोन फ्रेम तोंडाला तोंड लावून बांधायच्या तर मध्ये पुठ्ठा हवाच.

चारकोल आणि सॉफ्ट पेस्टलची कामं?

ही आडवी, चित्र वर करून न्या आणि हादऱ्यांपासून जपा. फिक्सेटिव्ह (भुकटी धरून ठेवणारा फवारा) मारलेलं असलं तरी भुकटी सुटते. यांच्यावर ॲक्रिलिक शीट घालू नका. तिच्यातली स्थिर वीज भुकटी ओढून घेते. ती पुसताना वीज आणखी वाढते.

मोठा कॅनव्हास चौकटीवरून काढून गुंडाळला तर चालेल का?

जिन्यातून किंवा लिफ्टमधून चौकट जात नसेल तर तेवढाच मार्ग उरतो. पण रंगवलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आपल्या मनाला उलटं वाटतं, रंग आत सुरक्षित राहील असं वाटतं. आत गुंडाळला की रंगाचा थर दाबला जातो, त्याच्या चुण्या पडतात आणि उलगडताना सुटतो. बाहेर असला की तो थोडा ताणला जातो, ते त्याला सोसतं. नळी जितकी जाड तितकं चांगलं; सहा इंचांपेक्षा कमी व्यासाची नको. कपड्याच्या दुकानात तागे गुंडाळायच्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या मिळतात, एकीचा व्यास कमी पडला तर तिच्यावर फोम गुंडाळून वाढवा. मध्ये कागदाचा थर हवा. जाड थरांचं, वाळू किंवा पुट्टी मिसळलेलं काम मात्र गुंडाळूच नका.

शिल्पं कशी हलवायची?

बैठकीखाली हात घालून. मान, हात, शिंग, पंख अशा बाहेर आलेल्या भागाला धरून शिल्प उचलू नका. वजनाचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका. एक घनफूट भरीव ब्रॉन्झ सुमारे अडीचशे किलो भरतं, तेवढाच संगमरवर पाऊणशे किलोच्या आसपास. पोकळ ओतीव काम बरंच हलकं असतं, पण ते कोणतं हे शिल्पकारालाच विचारा. टेराकोटा आणि प्लास्टर यांच्या पोकळ भागांत काही कोंबू नका. बाहेरून फोमचा आधार द्या आणि खोक्यात शिल्प हलणार नाही इतकंच घट्ट भरा. दालनाचे स्टँड मोजून परत द्या.

चित्र विकलं गेलंय, लाल टिकली लागलीय. ते गिऱ्हाइकाला कधी द्यायचं?

प्रदर्शन संपल्यावर, आणि पूर्ण पैसे जमा झाल्यावर. "मी आज रात्रीच्या विमानानं जातोय, आत्ताच द्या" असं कुणी म्हटलं तरी भिंत मध्येच रिकामी करणं इतर प्रेक्षकांवर अन्याय आहे. फारच अडचण असेल तर त्या जागी लावायला दुसरं चित्र तयार ठेवा.

पैशांबाबत संकोच करू नका. आपल्यातले बरेच चित्रकार इथे मऊ पडतात. ओळखीचे असतात, घरचे असतात, "पुढच्या आठवड्यात पाठवतो" म्हणतात. आधी पैसे, मग चित्र, हा नियम सगळ्यांना सारखाच ठेवला तर कुणालाच वाईट वाटत नाही. देताना बिल, चित्राचं नाव-माप-माध्यम-वर्ष लिहिलेलं सहीचं प्रमाणपत्र आणि चित्र चांगल्या अवस्थेत मिळाल्याची गिऱ्हाइकाची सही, इतकं घ्या-द्या. दालनाचं कमिशन करारात असेल तर त्याचा हिशोब त्याच रात्री लिहून ठेवा.

आणि हे गिऱ्हाइकाला नम्रपणे सांगायला हवं की चित्र त्यांचं झालं तरी, वेगळा लेखी करार नसेल तर, त्याच्या प्रती छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तशी व्यवस्था आहे.

भिंत खराब झाली तर अनामत कापतात. काय काळजी घ्यावी?

सगळ्यात जास्त नुकसान करतो दुहेरी चिकटणारा टेप. ओढून काढला की भिंतीचा रंग पापुद्र्यासकट येतो. शीर्षकाची विनाइल अक्षरं आणि टेप हेअर ड्रायरनं थोडे गरम करून, भिंतीला जवळजवळ समांतर धरून, हळूहळू सोला. खिळ्याची भोकं राहिली असतील तर पुट्टी, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर आणि दालनाकडून मागून घेतलेला त्याच छटेचा रंग. चित्रांखालची माहितीची कार्डं मात्र फेकू नका. पुढच्या प्रदर्शनात उपयोगी पडतात.

आणि अभिप्रायाची वही. ती रद्दीच्या ढिगात जाते किंवा टेबलावरच राहते. दार बंद होताक्षणी ती पिशवीत घाला. तिच्यात माणसांचे पत्ते-फोन असतात, म्हणून ती कुणाच्याही हाती लागू नये, हेही महत्त्वाचं.

गाडीत चित्रं कशी ठेवायची? आणि गाडीच परवडत नसेल तर?

उभी ठेवायची, आडवी एकावर एक रचायची नाहीत. लांबीच्या दिशेनं, गाडीच्या बाजूच्या भिंतीला टेकवून, मध्ये पुठ्ठे घालून, पट्ट्यांनी बांधून. सगळ्यात मोठं आधी चढवा. उघड्या छोट्या टेम्पोवर ताडपत्री हवीच, पाऊस नसला तरी. दक्षिण मुंबईत अवजड गाड्यांवर वेळेचे निर्बंध असतात. मोठी गाडी ठरवत असाल तर चालकाला ते आधी विचारून घ्या.

पुष्कळ चित्रकार बदलापूर, विरार, पनवेलहून येतात आणि रात्री लोकलच्या लगेजच्या डब्यातून चित्रं परत नेतात. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तयारी वेगळी लागते. चर्चगेट किंवा सीएसएमटीला गाडी सुटते तिथूनच चढा, मधल्या स्टेशनावरून नाही. गर्दी उतरल्यावर, नऊ-साडेनऊनंतर निघा. दोन दोन, तीन तीन चित्रांचे जुडगे करून त्यांना कापडी पट्ट्यांची मूठ बांधा, आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये चेपून बांधल्याशिवाय एकही नग नेऊ नका. तीन फुटांपेक्षा मोठी चित्रं या मार्गानं नको. त्या दोन-तीन चित्रांसाठी वेगळी गाडी केलेली परवडते.

न विकलेली चित्रं परत नेताना कागदपत्रं लागतात का?

गेटपास तर लागतोच. एकाच शहरात, स्वतःची चित्रं, जीएसटी नोंदणी नसलेला चित्रकार, अशा वेळी यादीची सही-शिक्क्याची प्रत जवळ असली की सहसा अडचण येत नाही. नोंदणी असेल तर परतीच्या मालासाठी डिलिव्हरी चलन (विक्री नसताना माल नेण्याचं पत्रक) तयार ठेवा. कलाकारानं दालनाकडे पाठवलेलं चित्र विकलं जाईपर्यंत तो पुरवठा (म्हणजे जीएसटी लागणारा व्यवहार) धरला जात नाही, असं केंद्रीय कर मंडळानं डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. दुसऱ्या राज्यात, म्हणजे गोव्याला किंवा बंगळुरूला चित्रं परत जात असतील आणि किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल, तर ई-वे बिलाचं (मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचं) आधीच आपल्या करसल्लागाराला विचारून घ्या.

विमा उतरवताना काय बघायचं?

विमा नेमका कुठे संपतो ते. पुष्कळ पॉलिसी चित्र दालनात पोहोचेपर्यंतच किंवा प्रदर्शनाच्या शेवटच्या तारखेपर्यंतच असतात, म्हणजे उतरवणं आणि परतीचा प्रवास उघडा राहतो. घरच्या खिळ्यावरून निघून पुन्हा घरच्या खिळ्यावर लागेपर्यंतचा विमा मागा. या व्यवसायात त्याला 'नेल टू नेल' म्हणतात.

भिंतीवर थेट चित्र काढलं होतं. दालन त्यावर चुना मारणार. मी काही करू शकतो का?

करार करतानाच हे लिहायला हवं : चित्र किती दिवस राहील, कोण पुसेल, पुसण्याआधी पूर्ण छायाचित्रण करायची संधी मिळेल का. लेखी काही नसेल तर निदान पत्र देऊन वेळ मागा.

कायद्याच्या बाजूनं एक निकाल प्रत्येक कलाकाराला माहीत असावा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्रॉन्झचं भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. १९७९ मध्ये ते त्यांना न विचारता काढलं गेलं आणि त्याचे तुकडे झाले. ते न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली (कलाकृतीची मोडतोड झाली तर कलाकाराला दाद मागू देणारं कलम) त्यांच्या बाजूनं निकाल दिला. उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरीही. काढून टाकण्याची रीत चुकली तर मालकालाही जाब द्यावा लागतो, हे त्या निकालानं दाखवून दिलं. तात्पुरत्या प्रदर्शनातल्या भिंतीला तो जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, म्हणूनच करारात लिहिण्याचा आग्रह.

समूह प्रदर्शन आहे. ज्याचं त्यानं उतरवावं, असं ठरवलं तर?

तसं ठरवू नका. आठ जण आठ वेळांना येतात, कुणी दुसऱ्याचं वेष्टन घेऊन जातो, आणि न आलेल्याची चित्रं रात्री दहाला भिंतीवरच असतात. एक प्रमुख, एक यादी, आणि घेऊन जाणाऱ्याची सही.

कुणाची चित्रं मागे राहिलीच तर ती कुणाच्या ताब्यात आहेत हे लिहून सगळ्यांना कळवा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं, सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घ्यायला हवी. म्हणजे "जिन्याखाली ठेवलं होतं" हे उत्तर पुरत नाही.

दिवाळीतलं रांगोळीचं प्रदर्शन कसं आवरायचं?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो विचारताना माणसाचा आवाज जड होतो. दोन-दोन दिवस गुडघ्यांवर बसून काढलेलं व्यक्तिचित्र झाडूनं काढायचं असतं. माझं म्हणणं असं की ते काढणाऱ्या कलाकाराला शेवटी थोडा वेळ एकट्याला द्यावा आणि पहिला झाडू त्याला फिरवायचा असेल तर त्यालाच फिरवू द्यावा. मदतनिसांनी परस्पर उरकू नये.

आधी शिडीवरून, कॅमेरा जमिनीला समांतर धरून फोटो घ्या. मग पंखे बंद करा, तोंडाला मास्क बांधा. लेक कलरची, म्हणजे रांगोळीतल्या रंगाची, भुकटी फार बारीक असते. भुकटी पूर्ण निघेपर्यंत पाणी अजिबात नको. ओल्या फडक्यानं पुसलं की लेक कलर फरशीच्या छिद्रांत बसतो आणि शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या फरशीवर महिनोन्महिने दिसतो. बाहेरून आत, सुक्या मऊ झाडूनं, सुपलीत भरा. उरलेला बारीक थर कोरड्या फडक्यानं उचला, ओलं फडकं सगळ्यात शेवटी. मिसळून करडी झालेली रांगोळी पिशवीत भरून ठेवली तर सरावाला उपयोगी पडते. गटारात किंवा नदीत टाकू नका.

उतरवताना चित्राला इजा झालीच, तर?

थांबा. फोटो काढा, वेळ लिहा, दालनाच्या माणसाला दाखवून त्याची सही घ्या. रंगाचे सुटलेले कपचे अगदी बारीक असले तरी कागदाच्या घडीत जपून ठेवा. फेविकॉल, सेलोटेप, मागून चिकटवलेलं ठिगळ यांपैकी काही करू नका. घाईतली दुरुस्ती काढण्यातच तज्ज्ञाचा निम्मा वेळ जातो. काच फुटली असेल तर फ्रेम उभी करू नका. आडवी ठेवून तुकडे वरून एकेक उचला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेचीही संवर्धन केंद्रं आहेत. नवीन चित्र असेल तर स्वतः दुरुस्त करण्याचा मोह होतो, पण विमा असेल तर पाहणी होईपर्यंत त्याला हात लावू नका.

घरी आल्यावर बांधलेलंच ठेवलं तर काय बिघडतं?

पुढचं प्रदर्शन कधी लागेल कोण जाणे, म्हणून नग तसेच माळ्यावर चढतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणातली हवेतली आर्द्रता कितीतरी दिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि साधारण ६५-७० टक्क्यांच्या पुढे बुरशी धरू लागते. प्लास्टिकच्या आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही. दसऱ्याला सोडून बघावं तर जलरंगाच्या कागदावर तपकिरी ठिपके आणि कॅनव्हासच्या पाठीवर पांढरी बुरशी.

रात्रभर थांबून दुसऱ्या दिवशी सगळे नग सोडा, यादीशी ताडून बघा, आणि चित्रं उभी ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, तिच्यातून ओल येते. पत्र्याखालचा माळाही नको. जमिनीपासून चार बोटं वर, फळीवर, वरून सुती चादर. फ्रेमच्या मागच्या प्लायमध्ये वाळवी आणि कागदात कसर लागते, म्हणून महिन्यातून एकदा पाठ उलटून बघा. दमट हवेत कॅनव्हास सैल पडला तर तो ताणायला चौकटीच्या कोपऱ्यांतली पाचर लगेच ठोकू नका. हवा कोरडी झाली की तो बहुतेक वेळा आपोआप ताठ होतो, आणि आधीच ठोकून ताणलेला असेल तर हिवाळ्यात कोपऱ्यांवर रंग तडकतो.